उजवा हात आणि कोपऱ्यातलं बिस्किट

१ सप्टेंबर, सकाळी सात

नवी वही. कोचनी दिली. म्हणाले, रोज वजन, जेवण आणि चुका लिहीत जा. मी वाचणार नाही, मला तुझं अक्षर लागत नाही. तूच लिही, तूच वाच आणि तूच लाज.

वजन ११९ किलो. जेवण व्यवस्थित. चुका नाहीत.

मॅच २६ ऑक्टोबरला. समोर पोस्टमन. टोपणनाव नाही, तो खरोखरच पोस्टमन आहे, दिवसा पत्रं वाटतो. त्याच्याबद्दल बोललं जातं की त्याचा ठोसा पत्ता चुकत नाही, उशीर झाला तरी घरपोच येतो. असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. पत्रं वाटणाऱ्याला कोण घाबरतं? कुत्रीसुद्धा त्याच्या अंगावर जातात.

जिंकलो तर पुढची मॅच थेट टायटलची. हरलो तर कोच पुन्हा माझ्या बाजूने उभे राहणार नाहीत, बॉक्सिंग बंद, आणि मी मेहुण्याच्या गाद्यांच्या शोरूममध्ये सेल्समन. हे बायकोशी ठरलंय. तिने कबूल करून घेतलं तेव्हा मी जेवत होतो. जेवताना मी कशालाही हो म्हणतो.

काळजीचं कारण नाही. पन्नासाच्या वर दिवस हातात आहेत. उद्यापासून सीरियसली.

२ सप्टेंबर

बुटाची नाडी तुटलेली निघाली. एका बुटाने धावणं गुडघ्याला घातक. उद्यापासून.

३ सप्टेंबर

पाचला उठलो. पाच किलोमीटर ठरवले होते. नाक्यावरच्या बेकरीपर्यंत स्पीड जबरदस्त. तिथे भट्टी नुकतीच उघडली होती आणि बेकरीवाला माझा फॅन. म्हणाला, चॅम्पियन, गरम पाव खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही. फॅनचं मन मोडणं खेळाडूला शोभत नाही. चार पाव, लोणी. उरलेले साडेचार किलोमीटर मनातल्या मनात धावलो. हल्ली मानसिक तयारीला फार महत्त्व आहे.

५ सप्टेंबर, दुपारी

अपमान. कोचनी माझ्या लॉकरवर यादी चिकटवली. जुन्या पोस्टरच्या पाठीवर, लाल पेनाने, सगळ्या हॉलला वाचता येईल अशा अक्षरात. वर हेडिंग: ह्याच्या कमतरता.

एक, खातो. दोन, झोपतो. (या दोन तर तान्ह्या बाळातही असतात. त्याच्या पाळण्यावर कोणी यादी चिकटवतं का?) तीन, दुसऱ्या राउंडनंतर तोंडाने श्वास घेतो. नाक लहान आहे, आईकडून आलंय. चार, डावा हात खाली सोडतो. उजवा एकटा दोघांचं काम करत असेल तर डाव्याने उगाच वर राहून काय करायचं? पाच, ठोसा लागला की समोरच्याला सॉरी म्हणतो. हे माझे संस्कार. सहावी घामाने पसरलीय, वाचता येत नाही, म्हणजे नसल्यातच जमा.

सातवी दोनदा अधोरेखित केलीय. ठोसा मारला की प्रेक्षकांत बघतो.

हे धादांत खोटं आहे. मी प्रेक्षकांत बघत नाही. मी एका खुर्चीकडे बघतो. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. तिथे बायको बसते. अकरा वर्षांत माझ्या एकोणीस मॅच झाल्या, एकही तिने चुकवली नाही. आणि माझा एकही ठोसा पाहिलेला नाही. घंटा झाली की पर्स छातीशी धरते आणि डोळे मिटते ते राउंड संपल्यावरच उघडते. चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे. दिवसभर लोकांना विचारते, कुठली ओळ दिसतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तर ठोसा बसला की मी फक्त चेक करतो, आज तरी डोळे उघडलेत का. एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदापायी माझ्या आठ मॅच गेल्या असं कोच म्हणतात. माझ्या हिशेबाने सहा.

७ सप्टेंबर

मन खट्टू. पाकिटातलं कात्रण काढून वाचलं. सहा वर्षांपूर्वी पेपरात कोचची मुलाखत आली होती. त्यात माझ्याबद्दल छापलंय, असा उजवा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही. कात्रण तिथे संपतं. पुढे आणखी एक वाक्य होतं, पण पाकीट लहान होतं.

वाचून बरं वाटलं. दोन अंडी जास्त खाल्ली.

१० सप्टेंबर

सरावाला समोर सुतार असतो. दिवसा दारं-खिडक्या बसवतो, संध्याकाळी माझा मार खातो. कोचचा नियम असा की सुतार तीनदा पडला की त्या दिवसाचा सराव संपला. पूर्वी तास लागायचा. आज अकरा मिनिटांत तीनदा आडवा! तिसऱ्यांदा तर मी हात उचलायच्या आधीच. पडल्या पडल्या घड्याळात बघून म्हणाला, एका बाईंच्या स्वयंपाकघराचं दार बसवायचंय, त्या केव्हाच्या खोळंबल्यात. भीती लपवायला माणूस काय काय सांगतो! धसका म्हणतात तो हाच.

१२ सप्टेंबर

वजन १२१. मोरीजवळची फरशी उतरती आहे. उद्या काटा बाहेरच्या खोलीत ठेवून बघणार.

१३ सप्टेंबर

बाहेरच्या खोलीत १२२. काटा परत मोरीजवळ.

१६ सप्टेंबर

मेहुणा आला. बरोबर शोरूमचा टी-शर्ट. पाठीवर छापलंय: अंथरूण पाहून पाय पसरा, अंथरूण आमच्याकडे पाहा. साइज ट्रिपल एक्सेल. म्हणाला, दाजी, घाई नाही, पण ऑर्डर एकदमच द्यायची होती म्हणून तुमचाही करून घेतला.

शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं तर! पण बायकोचा धाकटा भाऊ, बोलणार काय? म्हणे मॅचच्या दिवशी दुकान लवकर बंद करून येणार आणि मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शूटिंग करणार. कर बाबा. इतिहासाला पुरावा लागतोच.

टी-शर्ट घालून पाहिला. फक्त झोपण्यापुरता. कापड बरं आहे.

२० सप्टेंबर

सातव्या कमतरतेवर कोचनी उपाय काढला. टांग्याच्या घोड्याला लावतात तशी पुठ्ठ्याची झापडं. दोन्ही बाजूंनी बांधली, म्हणजे समोरचाच दिसावा. समोरचा दिसला. मग सुतार बाजूला सरकला आणि दिसायचा बंद झाला. उजव्या कानावर तीन, डाव्या कानावर दोन. प्रतिस्पर्धी बाजूनेही येऊ शकतो याचा कोचनी विचारच केला नव्हता. एवढा अनुभव असून! मी काही बोललो नाही. ऐकूही येत नव्हतं.

२५ सप्टेंबर

नवा उपाय. हा जरा सविस्तर लिहितो.

बॉक्सिंगमध्ये नियम असा: समोरचा पडला की आपण लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन गप्प उभं राहायचं. दहा आकड्यांत तो उठला नाही तर आपण जिंकलो, पण आपण तिथे पोचेपर्यंत रेफ्री ते दहा आकडे मोजायला सुरुवातच करत नाही. म्हणजे आपण जितके रेंगाळू तितकी त्याला फुकट विश्रांती. कोच म्हणतात, तू पाडतोस आणि बायकोकडे बघत उभा राहतोस, तेवढ्यात समोरच्याची एक डुलकी काढून होते.

तर आता त्या कोपऱ्यात एक स्टूल. स्टुलावर बशी. बशीत क्रीमचं बिस्किट. सुतार पडला की मी पळत कोपऱ्यात जायचं आणि बिस्किट खायचं. सवय अंगात मुरेपर्यंत रोज.

मी म्हटलं, मी काय कुत्रा आहे? कोच म्हणाले, कुत्रा पहिल्या दिवशी शिकतो.

दुखावलो. पण बिस्किट चांगलं होतं.

२ ऑक्टोबर

प्रचंड प्रगती. ठोसा, कोपरा, बिस्किट. ठोसा, कोपरा, बिस्किट. आज तर ठोसा हवेत असतानाच निम्म्या वाटेवर पोचलो. सुतार उभाच होता. कोच ओरडले, आधी तो पडू दे! सुताराने माझ्याकडे पाहिलं, बिस्किटाकडे पाहिलं आणि समजूतदारपणे पडला.

वजन १२४. सरावाचं वजन आहे.

हेवीवेटला वरची मर्यादा नसते. बाकीच्या सगळ्या गटांना असते, आम्हालाच नाही. ज्याने नियम केला त्याच्या डोळ्यासमोर माझ्यासारखाच कोणीतरी असणार.

६ ऑक्टोबर, दुपारी बारा

घरी दोन बेल वाजल्या. दार उघडलं तर पोस्टमन! तोच! खाकी पिशवी, हातात रजिस्टर पत्र. मॅचचा करारच होता, आणि आमचा भाग त्याच्याच वाटपात. म्हणाला, इथे सही करा.

लिफ्ट बंद, चार मजले चढून आलेला. बायको म्हणाली, पाणी देऊ का? तो म्हणाला, नको ताई, दम लागलेला नाही. मी मात्र पलंगावरून उठून दारापर्यंत आलो होतो, त्यामुळे दोन मिनिटं काही बोलू शकलो नाही. त्याने त्याचा अर्थ जरब असा घेतला असणार.

सहज विचारलं, रोज किती चालतोस? म्हणाला, अठरा किलोमीटर होतात. मला मनापासून कीव आली. मॅचच्या दिवशी हा आधीच दमलेला असणार.

जाताना सांगून गेला, तुमच्या उजव्या हाताला मी खरंच घाबरतो. भला माणूस. त्याला पाडताना जिवावर येणार आहे.

११ ऑक्टोबर

शिंप्याकडून झगा आला. पाठीवर सोनेरी अक्षरात बुलडोझर लिहायला सांगितलं होतं. पाठीचं माप त्याने ऑगस्टमध्ये घेतलेलं. झगा उसवून बाजूने पट्ट्या घातल्या, त्यात अक्षरं पांगली. आता मी उभा राहिलो की मागून नुसतं ‘लडो’ दिसतं, बाकीचं दोन्ही बगलांत. शिंपी म्हणाला, लडो काय वाईट आहे? विचार केला. वाईट नाही.

१४ ऑक्टोबर

धावायला गेलो. कोच मागून सायकलवर आले आणि बेकरीत सापडलो. मी सांगितलं, फॅन आहे. कोचनी बेकरीवाल्याला विचारलं, ह्याची एक तरी मॅच पाहिलीस का? तो म्हणाला, मॅच कसली?

कोचनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी. मग तिथेच बाकावर बसले. त्यांनीही एक पाव खाल्ला. म्हणाले, अरे, माझंही वय झालं, ही शेवटची. तुझा हात खरा आहे म्हणून तर राग येतो. खोटा असता तर अकरा वर्षं फुकट घालवली नसती.

उरलेला पाव परत ठेवला. उद्यापासून सीरियसली. हे खरं.

१५ ऑक्टोबर

पाच किलोमीटर धावलो! खरे! पायांनी!

१६ ऑक्टोबर

उठता आलं नाही. १५ तारखेमुळे.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी

आज बायकोला विचारलंच. अकरा वर्षं मनात होतं. ती मोजे जोड्यांत लावत होती. म्हटलं, तू डोळे का मिटतेस? माझा खेळ एवढा वाईट आहे?

ती म्हणाली, तुमच्या पहिल्या मॅचला उघडे ठेवले होते की. घंटा झाली, तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, आणि तेवढ्यात त्याने तुमची भुवई फोडली. तुम्ही मारताना मला बघायचं नसतं असं नाही. तुम्हाला मारलेलं बघवत नाही. पण दोन्ही कामं तुम्ही एकाच वेळी चालू ठेवता, त्याला मी काय करू?

मोजे लावायला मदत केली. दोन चुकीच्या जोड्या लावल्या.

मग ती म्हणाली, आपण सौदा करू. त्याला पाडलंत की माझ्याकडे न बघता सरळ त्या कोपऱ्यात जायचं. तुम्ही जाणार असाल तर मी या वेळी डोळे उघडे ठेवते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी हात पुढे केला. तिने हातात मोजा दिला. ठरलं.

मला हे इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. टायटल मिळालं तर हवंच आहे. पण तिने एकदा बघावं, एवढंच मला हवंय. बाकी सगळं जग बघून गेलं तरी उपयोग नाही.

२२ ऑक्टोबर

कोचनी आयोजकांना विचारलं, रिकाम्या कोपऱ्यात एक बिस्किट ठेवू द्याल का? आयोजक म्हणाले, रिंगमध्ये खाद्यपदार्थ चालत नाहीत. कोच म्हणाले, औषध आहे. नाही म्हणाले.

हरकत नाही. सवय मुरलीय. काल घरी हातातून वाटी पडली तरी मी कोपऱ्यात गेलो.

२५ ऑक्टोबर

अधिकृत वजन. पोस्टमन ९८. मी १२८. फोटोग्राफरला मी एकटा एका फोटोत आलो, पोस्टमनला पुढच्या फोटोत घेतलं. तीस किलोंनी पुढे आहे. मॅच इथेच संपल्यात जमा.

२६ ऑक्टोबर, दुपारी तीन

तीन तासांनी रिंगमध्ये. शांत आहे. हलकं जेवलो, दोनदा. घोडामैदान जवळच आहे.

पाड. कोपरा. उभा राहा. बघायचं नाही. पाड. कोपरा. उभा राहा. बघायचं नाही. तळहातावर लिहून घेतलंय. वरून ग्लोव्ह येणार हे आत्ता लक्षात आलं, पण लिहिल्याने मुरतं.

२७ ऑक्टोबर

अन्याय.

जबडा सुजलाय. चावता येत नाही. फक्त पातळ. बोलता येत नाही म्हणून सगळं इथेच लिहितो.

पहिले दोन राउंड मी त्याला अंदाज घेऊ दिला. तिसऱ्यात उजवा सोडला. असा उजवा मी जन्मात सोडला नव्हता. खांद्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळा मी त्यात होतो. पोस्टमन पिशवी टाकल्यासारखा पडला. पूर्ण हॉल उभा राहिला. त्यानंतर रेफ्रीने जाणूनबुजून हळू मोजलं, पोस्टमनला उठायला वेळ दिला, आणि माझं लक्ष नसताना त्याने मला मारलं. मला मात्र भराभर मोजलं. दहा आकडे त्याला एका मापाने, मला दुसऱ्या मापाने! उद्या संघटनेकडे लेखी तक्रार. पुन्हा मॅच घ्यावीच लागेल.

आणि महत्त्वाचं. तिचे डोळे उघडे होते! टक्क उघडे! मी स्वतः पाहिलं!

कधी पाहिलं ते तक्रारीत लिहायची गरज नाही.

२८ ऑक्टोबर

तक्रारीचा मसुदा तयार, सहा पानं. मुद्दा पहिला, रेफ्री. मुद्दा दुसरा, रेफ्री. पुरावा म्हणून मेहुण्याचं शूटिंग जोडणार. हाताच्या काकणाला आरसा कशाला! उद्या त्याला मोबाइल घेऊन बोलावलंय. कोचनाही बोलावलंय, साक्षीदार म्हणून.

वजन १२५. डाएट लागू पडतंय.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी

पाहिलं. आम्ही चौघांनी, पलंगावर ओळीने बसून, हातभर अंतरावरून. बायकोने माझा वाचायचा चष्मा पुसून मला दिला.

ठोसा बसला. पोस्टमन पडला. इथपर्यंत माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. रेफ्री मला कोपरा दाखवतो. मी कोपऱ्याकडे निघतो. चार पावलं गेलोसुद्धा! मग थांबतो. वळतो. दोरापाशी येतो.

दुसऱ्या रांगेत बायको खुर्चीवर चढून उभी आहे. डोळे एवढे मोठे. दोन्ही हातांनी कोपऱ्याकडे बोट दाखवतेय, उड्या मारतेय. मी तिला हात करतोय. मग दोन्ही हात करतोय. मग ग्लोव्ह डोळ्यांकडे नेऊन खुणेने विचारतोय, बघितलंस ना? पुन्हा एकदा विचारतोय. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही विचारतोय.

रेफ्री माझ्या दंडाला धरून ओढतोय. मी १२८. तो बिचारा सत्तर असेल.

मेहुण्याने सेकंद मोजले. दाजी, सत्तावीस, म्हणाला. एवढा वेळ पोस्टमन पडून होता आणि मोजणी सुरूच झाली नव्हती. सत्ताविसाव्या सेकंदाला तो गुडघ्यावर आला. माझ्याजवळ आला तेव्हाही मी दोराकडेच तोंड करून होतो. रेफ्रीने मला वळवलं, खेळा म्हणाला. मी वळलो, डावा हात खाली, चेहऱ्यावर हसू. घरपोच.

मेहुणा म्हणाला, अजून एकदा लावू का? कोच म्हणाले, नको रे.

मग कोच उठले. त्यांच्या पाकिटातही त्या मुलाखतीचं कात्रण होतं, त्यांचं पाकीट मोठं आहे. माझ्यापुढे ठेवलं. असा उजवा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही. पुढचं वाक्य: वाईट एवढंच, की तो ह्या माणसाला जोडलेला आहे. मी वाचून दाखवायला गेलो, जबड्यामुळे जमलं नाही. कोच माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. वही परत मागितली नाही.

बायको स्वयंपाकघरात होती. मागे जाऊन म्हटलं, सौदा मोडला मी. ती म्हणाली, मी माझा पाळला. एवढंच. पण नंतर म्हणाली, पडला मात्र जोरात हो तो.

बघितलं तिने.

तक्रारीची सहा पानं फाडली. मागची बाजू कोरी होती म्हणून आधी जपून ठेवणार होतो. फाडली.

४ नोव्हेंबर, दुपारी दोन

शोरूमचा पहिला दिवस. टी-शर्ट. पाठीवरची सगळी अक्षरं पाठीवरच बसतात.

मेहुण्याने काम समजावलं. दाजी, आधी तुम्ही स्वतः धाडकन गादीवर पडून दाखवायचं. गिऱ्हाइकाची खात्री पटते, एवढा माणूस पडून गादी फाटली नाही म्हणजे मग आमचं काय. सकाळपासून नऊ वेळा पडलो. मेहुणा म्हणतो, असं नैसर्गिक पडणं त्याने कुठे पाहिलं नाही. टॅलेंट कुठे ना कुठे कामाला येतंच.

दुसरा नियम: गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं की त्याच्या उशाशी उभं राहायचं नाही. लोकांना अवघडायला होतं. लांब कोपऱ्यात जायचं आणि गप्प उभं राहायचं.

साडेबाराला एक काका आले. थकलेले, हातात पिशवी. म्हणाले, पाठ दुखते, जरा बघू. मी पडून दाखवलं. मग ते पडले. मी वळलो आणि चालू लागलो. कोणाकडे बघितलं नाही. सरळ कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावली.

तिथे स्टूल होतं. स्टुलावर बशी. बशीत क्रीमचं बिस्किट.

आता मान वर केली. बायको दारात उभी. जेवणाच्या सुट्टीत चष्म्याच्या दुकानातून आलेली, पर्स खांद्याला, डोळे टक्क उघडे. मी काही विचारलं नाही. तिने हो म्हणून मान हलवली.

बिस्किट खाल्लं. मनातल्या मनात मोजायला लागलो. आठपर्यंत काका थोडे हलले. नऊ. दहा. घोरायला लागले.

एकोणीस आणि परवाची एक मिळून वीस झाल्या होत्या. ही एकविसावी धरतो.